दाऊ म्हणजे मोठा भाऊ

आमच्या घरात मांजरालाही तुम्ही म्हणतात. ओट्यावरचं दूध सांडून मांजर पळालं, की माझे वडील शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारतात, "तुमाले लाज नाई वाटत काय जी?" मांजराला ती कधीच वाटलेली नाही. पण म्हणून वडिलांनी त्याचं बहुवचन काढून घेतलेलं नाही.

दारव्ह्यात आमचं घर म्हणजे पुढे टेलरिंगचं दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकानात एका भिंतीला लोकांचे शर्ट टांगलेले असतात आणि समोरच्या भिंतीला, दोरीवर वाळत घातल्यासारख्या, पुस्तिका. वडील टेलर आहेत, पण कोणी विचारलं तर सांगतात, "मी लेखक हाये. कपडे पोटासाठी शिवतो." मधोमध दोन पिना मारलेली पातळ पुस्तकं ते लिहितात, यवतमाळला छापून आणतात आणि जिथे माणसं जमतील तिथे चादर अंथरून विकतात. हुंडा, दारू, अंगात येणं, शाळा सोडणारी मुलं, सगळ्या विषयांवर त्यांचं एकेक पुस्तक आहे. मी वाचायला शिकले ती यांच्यावरच. इतर मुलांच्या पहिल्या वाचनात ससा असतो, कासव असतं. माझ्या पहिल्या वाचनात "बंधूंनो आणि भगिनींनो, झोपलात काय, उठा!" असं होतं. मी खरंच उठून बसायची.

तुम्ही म्हणण्याच्या नियमामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. माझे आजोबा एका कापूसवाल्या शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, होते. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारून बराच काळ झाला होता, घरातले देव गेले होते, भीती जात चालली होती. पण मालकाच्या अंगणात, ज्याला अजून स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता येत नव्हती असं मालकाचं पोर आजोबांना म्हणायचं, "ए, इकडं ये बे." आणि पांढऱ्या मिशांचे आजोबा म्हणायचे, "हो जी, आलो जी, मालक." वडिलांनी हे लहानपणी रोज ऐकलं. मोठं झाल्यावर त्यांनी ठरवलं, की तू हा शब्द माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही. कोणासाठीच नाही. यात माझं वडिलांशी कधीच दुमत नव्हतं. माणसाला त्याची जागा दाखवायला आपल्याकडे काठी लागत नाही. एक सर्वनाम पुरतं.

पण नियम चांगला असला, तरी त्यात राहावं लागतं. मी लहान असताना वडील मला म्हणायचे, "तुमी आंघोळ केली काय?" रागावले तर, "तुमी गाढव आहात." शेजारची बाई एकदा आईला हळूच विचारून गेली, "ही पोट्टी तुमची नाई काय? पाव्हनी हाये?" मलाही अधूनमधून तसंच वाटायचं, की आपण इथे मुक्कामाला आलोय आणि कधीतरी आपली पिशवी भरून कोणीतरी न्यायला येईल. आईने यातून वेगळाच मार्ग काढला. पोटच्या पोरीला तुम्ही म्हणणं तिच्या जिभेला जमेना आणि तू म्हणायला बंदी. मग तिने सर्वनामच सोडून दिलं. "जेवण झालं का?" "अभ्यास झाला का?" "दार लावून घेतलं तर बरं होईल." कित्येक वर्षं माझी आई सर्वनामाशिवाय संसार करते आहे.

अशा घरातून मी इंग्रजी शाळेत गेले. शाळेची प्रार्थना इंग्रजीत होती, डोळे मिटून म्हणायची. तिच्यात दर ओळीला दाऊ, दी, दाय असे शब्द यायचे. भिंतींवर ऑइलपेंटने सुविचार लिहिले होते, तेही त्याच घराण्यातले: दाऊ शाल्ट नॉट हे, दाऊ शाल्ट नॉट ते. एक तर संडासाच्या दारावर होता. कवितेच्या पुस्तकातले कवी चंद्राला, पाखराला, वाऱ्याला, थोडक्यात ज्याला उत्तर देता येत नाही अशा प्रत्येकाला दाऊ म्हणून हाक मारत होते.

मी इंग्रजीच्या सरांना विचारलं, "सर, यू आहे ना? मग दाऊ कशाला?"

सर म्हणाले, "दाऊ इज व्हेरी व्हेरी रिस्पेक्ट. आपणच्याही वरचा शब्द आहे तो. देवासाठी असतो. परीक्षेला येत नाही. बस खाली."

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा वडिलांचा मशीनवरचा पाय थांबला.

"आपणच्याही वर?"

"हो. सर म्हणाले."

"आन तो शब्द त्यायनं देवाले देऊन टाकला?" वडिलांना हे अजिबात आवडलं नाही. आमच्या घरात देव मानत नाहीत. जो नाहीच, त्याच्या नावावर एवढा चांगला शब्द पडून राहिलेला त्यांना बघवेना.

पुरावा दुसऱ्याच दिवशी चालत आला. कापसाच्या गाठी न्यायला आलेला मध्य प्रदेशातला एक ट्रक ड्रायव्हर शर्टाला बटणं लावून घ्यायला दुकानात थांबला होता. वडिलांनी त्याला विचारलं, "दाऊ मतलब क्या होता है जी?"

"दाऊ? हमारे उधर बड़े भाई को बोलते हैं. गाँव के बड़े आदमी को भी."

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आम्ही दोघांनी मिळून विजेचा शोध लावला होता. त्यानंतरचं सगळं आपोआप जुळत गेलं. दाऊ म्हणजे थोरला भाऊ. दी म्हणजे ताई, कारण हिंदी शाळेतल्या मुली मोठ्या बहिणीला दी म्हणतात हे त्यांनी ऐकलं होतं. दाय म्हणजे दाई, जी माणसाला जगात आणते. तिचाही सन्मान झालाच पाहिजे. शाल्टचा शालीशी संबंध असणार, कारण मामला आदराचा होता. आणि प्रार्थनेतलं दाऊ आर्ट म्हणजे दाऊ आर्ट्सला होता, सायन्सला नाही.

'संबोधनातील समता' ही पुस्तिका पुढच्याच महिन्यात आली. तिच्यात वडिलांनी लिहिलं होतं: "साहेबाच्या भाषेत थोर पुरुषास दाऊ व थोर स्त्रीस दी म्हणतात. त्याचा सत्कार करावयाचा झाल्यास पुढे शाल्ट लावतात. साहेबाने हे संबोधन देवासाठी राखून ठेविले. आम्ही विचारतो, देवाला दाऊ आणि कष्टकऱ्याला अबे, हा कुठला न्याय?"

हा शेवटचा प्रश्न मला आजही बिनचूक वाटतो. त्याच्या आधीचं सगळं चूक होतं.

पण पुस्तिका खपली. वडिलांच्या पुस्तकांत ती सगळ्यांत जास्त खपली, कारण ती वाचल्यावर काही सोडावं लागत नव्हतं, दारू नाही की हुंडा नाही. फक्त एक शब्द घ्यायचा होता. बस स्टँडवरचा चहावाला सगळ्यांचा दाऊ झाला. बचत गटाच्या बाया एकमेकींना दी म्हणू लागल्या. माझ्या वडिलांना रस्त्यात कोणी "काय दाऊ!" म्हटलं, की ते दिवसभर मशीनवर गाणं गुणगुणायचे. कोणी कपड्याच्या मापासाठी आलं आणि पुस्तक घेऊन गेलं, असंही व्हायला लागलं.

मी शिकले आणि वडिलांसारखीच लिहायला लागले. त्यांच्यापेक्षा जरा जास्त रागाने लिहिते असं लोक म्हणतात. मला ते कौतुक वाटतं.

आर्णीला एका कार्यक्रमात आमची चादर अंथरलेली होती. वडील चहाला गेले होते, मी बसले होते. एक बारीकसा माणूस उभ्यानेच पुस्तिका चाळत होता आणि एकदम मोठ्याने हसला. आमच्या चादरीपुढे कोणी हसत नाही. लोक गंभीर होतात किंवा निघून जातात. म्हणून मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. लेखक कोण आहेत?"

"माझे वडील. हसायला काय झालं ते सांगा."

त्याचा चेहरा उतरला. "मी पुसदला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तासिका तत्त्वावर." हे त्याने अशा सुरात सांगितलं, की पूर्णवेळ असता तर आणखी मोठ्याने हसला असता.

"मग?"

"दाऊ म्हणजे मोठा भाऊ नाही. दाऊ म्हणजे तू."

"मी?"

"नाही, नाही, तुम्ही नाही! तू. अरे-तुरेमधला तू. जुन्या इंग्रजीत दोन शब्द होते. वरच्याला आणि परक्याला यू, आणि खालच्याला किंवा अगदी जवळच्याला दाऊ."

"मग देवाला कशाला?"

"जवळचा म्हणून."

मी त्याला तिथेच चार गोष्टी सुनावल्या. घरी येऊन शब्दकोश काढला, त्याला खोटा पाडायला. शब्दकोश त्याच्या बाजूचा निघाला. मी वाचनालयात जाऊन दुसरा, जास्त जाड शब्दकोश काढला. तो तर त्याच्या जास्तच बाजूचा होता. मग तुमचं बरोबर होतं हे त्याला कळवणं भाग पडलं, कारण चूक मान्य करावी असं आमच्या तीन वेगवेगळ्या पुस्तिकांत छापलेलं आहे. नंबर मिळवून मी त्याला फोन केला. त्या फोनवर आम्ही भांडलो. दुसऱ्या फोनवरही भांडलो. पुढे पुढे भांडायला विषय नसला तरी फोन होत राहिले.

मी त्याला तुम्ही म्हणायची, तोही मला तुम्ही. (इथे मी त्याला तो म्हणते आहे म्हणून वडिलांनी रागावू नये. समोर नसलेल्या माणसासाठी त्यांनी नियम केलेला नव्हता.) त्याच्या घरी सगळे एकमेकांना तूच म्हणत. तो एकदा म्हणाला, "आता आपण तू म्हणू या ना." मी म्हटलं, "ज्या शब्दाने माझ्या आजोबांना बोलावलं, तो शब्द मी प्रेमासाठी वापरणार नाही." दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "दाऊ जेवलीस का?" खाली लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांच्या हिशोबाने आदर, माझ्या हिशोबाने तू. दोघांचंही समाधान."

मी उत्तर पाठवलं, "मोठ्या भावाशी कोणी लग्न करत नाही."

लग्न हा शब्द आमच्यात पहिल्यांदा आला तो असा, वादाच्या ओघात.

आता पेच असा होता. वडिलांनी मला कोणाशीही लग्न करायला मोकळीक दिली होती. जात विचारायची नाही, पत्रिका पाहायची नाही, हे तर त्यांनी छापूनच ठेवलं होतं. पण त्यांचं मन दुखवून लग्न करायचं नाही, हे माझं मी ठरवलं होतं. आणि त्यांची पुस्तिका म्हणजेच त्यांचं मन होतं. त्यात ते नेमकी तिचीच दुसरी आवृत्ती काढायच्या तयारीला लागले होते. घरी इंग्रजी शिकवणारा माणूस येणार म्हटल्यावर ते काय मागणार, हे मला दिसत होतं.

मी त्याला फोनवर सांगितलं, "पुस्तिकेबद्दल त्यांच्यासमोर खोटं बोललात, तर मी लग्न करणार नाही. खरं बोललात, तर ते हो म्हणणार नाहीत. रविवारी या."

"मग तुम्हीच आधी सांगून टाका ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी त्याच्या नादाने बोलते. शिकवता तुम्ही. सांगायचंही तुम्हीच."

"म्हणजे माझी परीक्षा आणि पेपर तुमच्या घरचा."

"हो. आणि येताना मिठाई आणू नका, आमच्याकडे देणंघेणं चालत नाही."

तो रविवारी दुपारी आला. हातात काही नसल्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. वडील गळ्यात टेप अडकवून बसले होते आणि मापं घेतल्यासारखे त्याच्याकडे पाहत होते.

"या जी, बसा. प्रवास झाला काय बरोबर?"

"हो काकाजी. दिग्रसपर्यंत जीपनं आलो, पुढे एसटी."

आईने पाणी आणलं. "पाणी घ्यावं," ती म्हणाली आणि दारामागे, जिथून सगळं ऐकू येतं अशा जागी, जाऊन उभी राहिली.

"आमी जात विचारत नाई," वडील म्हणाले. "पगारही विचारत नाई."

"तो तसाही विचारण्यासारखा नाही, काकाजी."

वडील हसले. मला वाटलं, चला, इथवर तर बरं चाललंय. तेवढ्यात ते उठले आणि पेटीतून 'संबोधनातील समता' घेऊन आले. जपून ठेवलेली प्रत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली.

"दुसरी आवृत्ती काढून राह्यलो. पहिलीत कोन्या इंग्रजीवाल्याचा अभिप्राय नव्हता. ते खटकत होतं मले. तुमी आता निवांत वाचा आन दोन वळी लिहून द्या. मागच्या पानावर छापतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांजराकडे पाहिलं.

त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. शाल्ट आलं, तो हसला नाही. दाई आली, हसला नाही. दाऊ आर्ट्सला होता या वाक्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ओठ हलले नाहीत. हा माणूस माझ्यासाठी किती कष्ट सोसू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

"कसं हाये?"

"शेवटचा प्रश्न फार चांगला आहे, काकाजी. अगदी खरा आहे."

"आन आधीचं?"

"आधीचं..."

"चहात साखर किती टाकली जावी?" दारामागून आई म्हणाली.

"टाका किती पन," वडील म्हणाले. "तुमी बोला जी."

त्याने पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. "काकाजी, दाऊ म्हणजे भाऊ नाही."

"मंग?"

"तू."

वडिलांचा चेहरा बदलला. "मले तू मनलं तुमी?"

"नाही! तुम्हाला नाही! त्या शब्दाचा अर्थ तू. दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझा. शालीचा आणि आर्ट्सचा काही संबंध नाही."

वडिलांनी मशीनचं चाक हाताने उगाच अर्धं फिरवलं, परत मागे आणलं.

"मंजे हे लोक देवाले अरे-तुरे करते?"

"करतात. आपल्याकडेही भजनात देवाला तूच म्हणतात."

"आपल्याकडं मंजे कोनाकडं? आमी देव मानत नाई."

"हो, ते विसरलो."

"मले शाळेतल्या मास्तरनं सांगतलं होतं आदराचा शब्द हाये मनून," ते म्हणाले. मास्तरने मला सांगितलं होतं, पण मी मध्ये बोलले नाही. "बस स्टँडवरच्या चहावाल्याले सारे दाऊ मनते. माह्यामुळं मनते. मंजे त्या मानसाले मी साऱ्या दारव्ह्याकडून तू मनवून घेतलं." चाकावरचा हात काढून ते म्हणाले, "माह्या बापाले जे मनत होते, तेच मी छापलं. आन वरतून शाल देली."

हे ऐकून मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. दोन्ही आवरायला मी मांजराला उचललं. वाटलं, संपलं आता. हा उठणार, एसटी धरणार, आणि मी आयुष्यभर खरं बोलणाऱ्या माणसाबद्दल चांगलं लिहीत बसणार.

पण तो उठला नाही. "काकाजी, पुढचं ऐकून घ्या. तो शब्द आता तिकडे कोणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही. प्रार्थनेत उरलाय, जुन्या कवितांत उरलाय, भिंतीवरच्या सुविचारांत उरलाय. बोलताना सगळ्यांना यू. आणि यू म्हणजे मूळचा तुम्ही."

"साऱ्याले?"

"सगळ्यांना."

"नोकराले?"

"हो."

"पोलीस चोराले काय मनते?"

"यूच म्हणतो. शिवी घालतो ती वेगळी."

"लहान पोट्ट्याले?"

"त्यालाही."

वडिलांनी माझ्या कुशीतल्या मांजराकडे पाहिलं. "यायले?"

"मांजरालाही यू, काकाजी."

वडील उभे राहिले. गळ्यातला टेप घसरून खाली पडला. "मंजे साऱ्या इंग्लंडात माह्या घरावानी चालते! मी एकटा नाई!"

इथे मला गप्प बसता आलं नाही. "बाबा, सगळ्यांना तुम्ही म्हणत म्हणत त्यांनी आपल्यावर राज्य केलं. शब्द बदलला म्हणजे माणूस बदलतो असं नाही."

"तुमी मधात बोलू नका. हे दोन इंग्रजीवाल्यायचं चाललं." एव्हाना वडीलही इंग्रजीवाले झाले होते. "मंग नवीन पुस्तक असं निघन: इंग्रजायनं तू हाकलला, आपन कवा हाकलनार?"

"पण तिकडे काही लोक उलट वागले," तो म्हणाला. शिकवायला लागला की त्याला थांबता येत नाही, हे मला ठाऊक होतं, वडिलांना नव्हतं. "जेव्हा बाकीचे मोठ्या माणसाला यू म्हणायचे, तेव्हा ते म्हणाले, आम्ही सगळ्यांना दाऊच म्हणणार. जमीनदाराला दाऊ, न्यायाधीशालाही दाऊ. टोपीसुद्धा काढणार नाही. सगळी माणसं सारखी."

"न्यायाधीशाले तू मनलं?"

"कोर्टात."

"मंग?"

"कोणी मार खाल्ला, कोणी तुरुंगात गेले."

वडील हळूच खाली बसले. तुरुंगात गेलेल्या माणसाबद्दल त्यांना फार आदर आहे, कशासाठी गेला ते नंतर विचारतात. "मंजे खालच्याले वर नेऊन तुमी मना, नाईतर वरच्याले खाली आनून तू मना. रस्ते दोन हायेत."

"हो. आणि खरं सांगू का काकाजी, मला तर त्या लोकांचंच पटतं. सगळ्यांनी सगळ्यांना तू म्हणावं. तुमच्या घरातसुद्धा..."

वडिलांच्या भुवया चढायला लागल्या. आताच कुठे सावरलेला गाडा हा माणूस स्वतःच्या हाताने खड्ड्यात नेत होता. परीक्षा पास झाली होती आणि तो पुरवणी मागत होता.

"अरे, तू चूप बस ना आता!" मी ओरडले.

पंखा फिरत होता. मांजर माझ्या हातातून उतरून निघून गेलं. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, तिथेच थांबली. आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कोणाला उद्देशून तो शब्द पहिल्यांदा माझ्याच तोंडून आला होता.

"काय मनलं तुमी त्यायले?" वडील म्हणाले.

माघार घेता आली असती. चुकून गेलं तोंडातून, असं म्हणता आलं असतं. पण चुकून गेलेलं नव्हतं. "तू म्हटलं," मी म्हणाले. "आजोबांना जसं म्हणायचे तसं वरून नाही म्हटलं. बाजूने म्हटलं."

"बाजूनं?"

"तोही मला म्हणू शकतो. आजोबांना त्या पोराला उलट तू म्हणता येत होतं का? नव्हतं. सगळं दुखणं तिथेच होतं."

वडिलांनी खाली पडलेला टेप उचलला, गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. त्यांच्या डोक्यात परिच्छेद पडत होते हे मला दिसत होतं. मग त्यांनी मशीनच्या खणातून पेन काढलं, झटकून चालतं का पाहिलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"लिहा अभिप्राय."

"आता? काय लिहू?"

"हेच लिहा. चूक हाये तर चूक लिहा. कोन्या पानावर, कोन्या वळीत, सारं लिहा. आमी चूक झाकत नाई, दुरुस्ती छापतो. आन त्या कोर्टातल्या लोकायचंही लिहा. ह्यायचं ते बाजूनं-वरून, ते मी लिहीन, ते माह्यावाल्या भागात येते."

"ते माझं वाक्य आहे," मी म्हटलं.

"घरातल्या वाक्याले मालक नसते," वडील म्हणाले.

तो लिहायला लागला. अक्षर सुंदर होतं, हे वडिलांनी वाकून पाहिलं आणि मानेनेच मंजूर केलं. आईने चहा ठेवला. वडील एकेक सूचना देत राहिले: शाल्टचं जरा सौम्य लिहा, दाईचा अपमान होऊ देऊ नका, तिचं काम मोठंच हाये.

"खाली नाव लिहा. कॉलेज लिहा. तासिका तत्त्वावर मनून लिहू नका."

"पण ते खरं आहे, काकाजी."

"खरं हाये, पन विचारल्याबिगर सांगाचं काम नाई. अभिप्रायाले वजन राह्यलं पाह्यजे." मग चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "आन खाली जावई मनूनही लिहू नका. लोक मनतीन, घरच्याच मानसानं लिहून देलं."

त्याचं पेन अक्षराच्या मधेच थांबलं. "काकाजी, जावई?"

"तुमी आधी लिहा," वडील म्हणाले. "चहा थंडा होऊन राह्यला."